केप्लर-९० चा आठवा ग्रह मशीनने शोधला म्हणजे नक्की कोणी काय केलं

दरवर्षी एमएस्सीची नवी बॅच आली की पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी विचारतंच, सर मला खगोलशास्त्रात मशीन लर्निंग करायचंय, कुठून सुरू करू. मी कोर्स, व्हिडिओ वगैरे काही सांगत नाही, एकच प्रकरण देतो, केप्लर-९० चं. त्यात कोड फार नाहीये, गणितही बीएस्सीवाल्याला झेपेल इतकंच, पण एखादा रिसर्चर मशीनला कामाला लावतो तेव्हा मशीनच्या आधी आणि नंतर त्याला स्वतःला किती ठरवावं लागतं ते यात इतकं स्वच्छ दिसतं की दुसरं उदाहरण शोधायची गरज पडली नाही. यावेळी म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू, म्हणजे दरवर्षी फळ्यासमोर घसा कोरडा करायला नको.

बातमी बहुतेकांना आठवत असेल. १४ डिसेंबर २०१७ ला नासाने पत्रकार परिषद घेतली, सोबत गूगल. आधी आठवडाभर नेटवर एलियन सापडले म्हणून नुसता धुमाकूळ, आणि शेवटी निघालं काय तर केप्लर-९० नावाच्या एका ताऱ्याभोवती आठवा ग्रह. लोकांचा थोडा हिरमोडच झाला. पण तोवर आठ ग्रह माहीत असलेला तारा एकच होता, आपला सूर्य, त्याच्याशी बरोबरी झाली. आपल्याकडे हेडलाइन काय तर 'एआयने शोधला नवा ग्रह'. मला त्या वाक्यातल्या 'ने' या प्रत्ययाबद्दल बोलायचंय.

तर माणसं दोन. अँड्र्यू व्हँडरबर्ग, तेव्हा टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिनला पोस्टडॉक. हा खरा खगोलवाला, ग्रॅज्युएट स्टुडंट असल्यापासून केप्लर दुर्बिणीच्या डेटात मान घालून बसलेला. आणि क्रिस्तोफर शल्यू, गूगलमध्ये न्यूरल नेटवर्कवर, म्हणजे उदाहरणं बघून शिकणाऱ्या मॉडेलवर, काम करणारा इंजिनिअर, खगोलशास्त्र हा त्याचा धंदा नाही. शल्यूला कळलं की खगोलवाल्यांकडे डेटाचा पूर आलाय, मग फावल्या वेळात मोठ्या डेटातून बाह्यग्रह (दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह) शोधणं असलं काहीबाही सर्च करत करत तो केप्लरपर्यंत पोचला आणि तिथून व्हँडरबर्गपर्यंत. माझं मत असं की ही जोडी जमली हेच अर्धं यश आहे. एकट्या इंजिनिअरने मॉडेल झकास बनवलं असतं आणि भलत्याच डेटावर चालवलं असतं, एकटा खगोलवाला जुन्याच पद्धतीला आणखी चार नियम जोडत बसला असता.

आता केप्लरबद्दल थोडं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मार्च २००९ मध्ये सोडलेली दुर्बीण, हंस आणि स्वरमंडळ या तारकासमूहांच्या बाजूचा आकाशाचा एकच तुकडा धरून बसली आणि दीड लाखाहून जास्त ताऱ्यांचा प्रकाश साधारण अर्ध्या अर्ध्या तासाने मोजत राहिली, चार वर्षं. मे २०१३ मध्ये दुसरं रिअ‍ॅक्शन व्हील (यानाला एका दिशेला स्थिर धरणारं चाक) गेलं आणि ते एकटक बघणं संपलं. करायचं काय होतं तर अधिक्रमण पकडायचं. २०१२ च्या जूनमध्ये आपल्याकडे सकाळी सकाळी लोक काळे चष्मे घेऊन गच्चीवर गेले होते, शुक्राचा काळा ठिपका सूर्यावरून सरकताना बघायला (ढगांनी बऱ्याच जणांचा पोपट केला ती गोष्ट वेगळी), तेच. फरक इतकाच की लांबच्या ताऱ्याचा ठिपका दिसत नाही, फक्त उजेड किंचित कमी होतो. पृथ्वी सूर्यासमोरून जाताना कोणी लांबून बघितलं तर सूर्याचा उजेड दहा लाखात ८४ भाग कमी होईल. शेकड्यात नाही हां, दहा लाखात.

आणि उजेड कमी व्हायला कारणं सतराशे साठ. एकमेकांना झाकणारे जुळे तारे, त्यातही मागे कुठेतरी लपलेली जोडी जिचा उजेड पुढच्या ताऱ्यात मिसळलाय, ताऱ्यावरचे डाग, ताऱ्याचं स्वतःचं धडधडणं, यानाचा एखादा झटका, कॅमेऱ्याच्या चिपचं रुसणं. केप्लरची पाइपलाइन, म्हणजे डेटा चाळणारं सॉफ्टवेअर, ठराविक काळाने परत परत येणारी घट शोधायची आणि जिचा सिग्नल-टू-नॉइज, म्हणजे गोंगाटाच्या किती पट ती उठून दिसते तो आकडा, ७.१ च्या वर असेल ती यादीत टाकायची. हा ७.१ आकाशातून पडलेला नाही, नुसता साधा आवाज म्हणजे नॉइज असेल तर अख्ख्या सर्व्हेत मिळून योगायोगाने एखादाच खोटा सिग्नल वर यावा, या हिशोबाने रेषा ओढलेली आहे. पण खरा नॉइज साधा नसतो, म्हणून यादीत हजारोंनी कचरा येतो. यादीतल्या एका नोंदीला टीसीई म्हणतात, आपण 'संशयित' म्हणू.

या संशयितांची छाननी आधी माणसंच करायची, एकेक आलेख उघडून. तांदूळ निवडायला घेतल्यासारखं, फक्त परात संपतच नाही. आणि मुख्य अडचण वेळेची नाहीये असं मला वाटतं, एकसारखेपणाची आहे. सकाळी दहाला ज्याला तुम्ही ग्रह म्हणाल त्यालाच संध्याकाळी सहाला, पाचशे आलेख बघून झाल्यावर, नाही म्हणाल. दोन माणसांचं तर सोडूनच द्या.

म्हणून शल्यू-व्हँडरबर्गनी माणसांनी आधीच निवडून ठेवलेले संशयित घेतले आणि न्यूरल नेटवर्कला त्यावर शिकवलं. मुळात यादी होती २०,३६७ ची. त्यातले ४,६३० असे की ज्यांच्यावर 'सांगता येत नाही' असा शिक्का होता, ते बाजूला ठेवले. उरले १५,७३७, त्यात ३,६०० ग्रहाचे उमेदवार, ९,५९६ जुळे तारे वगैरे खगोलीय पण ग्रह नसलेले, आणि २,५४१ निव्वळ यंत्राचा वा ताऱ्याचा गोंधळ. शेवटच्या दोन गटांना एकत्र करून 'ग्रह नाही' म्हटलं. ८० टक्के शिकवायला, १० टक्के सेटिंग जुळवायला, १० टक्के शेवटच्या परीक्षेला.

इथे मी वर्गात थांबतो आणि विचारतो, मॉडेलची अचूकता ९६ टक्के आली, खूश? सगळे खूश. मग म्हणतो आता मी एक मॉडेल देतो ज्यात एकच ओळ आहे, काहीही आलं तरी 'ग्रह नाही' म्हण. त्याची अचूकता काढा. १२,१३७ भागिले १५,७३७, म्हणजे ७७ टक्के, काहीही न शिकता! मग जरा चेहरे बदलतात. तर ९६ हा आकडा ७७ च्या शेजारी ठेवून बघायचा, शून्याच्या नाही. आणि ९६ टक्के म्हणजे परीक्षेच्या दीड हजारावर संशयितांत साठ-पासष्ट चुका, हेही लक्षात ठेवायचं. त्यापेक्षा कामाचा आकडा दुसरा आहे, एक ग्रह-उमेदवार आणि एक खोटा सिग्नल समोर ठेवला तर मॉडेल ९८.८ टक्के वेळा उमेदवाराला वरचे गुण देतं. म्हणजे हे मॉडेल निकाल देण्यापेक्षा रांग लावायला जास्त चांगलं आहे, आणि त्या दोघांनी ते रांग लावायलाच वापरलं. अर्धे लोक इथे फसतात, ०.९५ गुण आले म्हणजे ९५ टक्के ग्रह आहे असं समजून मोकळे होतात.

(एक कुरकुर करून घेतो. वाटणी संशयितांची केली, ताऱ्यांची नाही. एकाच ताऱ्याचे तीन संशयित असतील तर दोन शिकवण्यात आणि एक परीक्षेत जाऊ शकतो. मी असतो तर ताऱ्याप्रमाणे वाटले असते. मी हे शहाणपण पुस्तकातून शिकलो नाही, माझ्या स्वतःच्या पहिल्या प्रोजेक्टमध्ये बदलत्या ताऱ्यांचं वर्गीकरण करताना अशीच वाटणी केली होती, ९९ टक्के आले, आठवडाभर हवेत, आणि मग गाइडने फक्त इतकंच विचारलं की यातले तारे वेगवेगळे आहेत ना? नव्हते. पुन्हा चालवलं तर ८१.)

आता मॉडेलला दाखवलं काय हे बघा, प्रकरणातला माझा सगळ्यात आवडता भाग. चार वर्षांचा अख्खा प्रकाशवक्र, म्हणजे ताऱ्याचा उजेड वेळेप्रमाणे कसा बदलला त्याचा आलेख, त्याच्यापुढे ओतला नाही. आधी ताऱ्याचे स्वतःचे हळू हळू होणारे चढउतार सपाट केले, मग संशयिताचा जो कालावधी असेल त्याप्रमाणे आलेखाच्या घड्या घातल्या, साडीच्या निऱ्या घालतो तशा, म्हणजे सगळ्या घटा एकावर एक येतात. मग त्याची दोन रूपं केली. एक लांबून, अख्खा कालावधी २,००१ बिंदूंत. एक जवळून, फक्त घटेच्या आसपासचा भाग २०१ बिंदूंत. लांबचं कशाला, तर जुळे तारे असतील तर अर्ध्या वाटेवर दुसरी छोटी घट दिसते, चोर तिथे पकडला जातो. जवळचं कशाला, तर घटेचा आकार कळायला, ग्रहाची घट साधारण बशीसारखी सपाट बुडाची आणि झाकणाऱ्या ताऱ्यांची बऱ्याचदा व्ही सारखी टोकदार. शंभर दिवसांचा कालावधी २,००१ भागात वाटला की पाच-सहा तासांची घट चार-पाच बिंदूंत बसते, तिचा आकार काय डोंबल कळणार, म्हणून जवळचं रूप लागतंच. आता सांगा, दोन रूपं द्यायची हे कोणाला सुचलं असेल? हजारो आलेख डोळ्यांनी बघितलेल्या माणसालाच. छाननी करणारी माणसं हेच करायची, आधी पूर्ण आलेख, मग झूम.

आणि एक गोष्ट मुद्दाम काढून घेतली. प्रत्येक आलेख असा ताणला की वरची पातळी ० आणि घटेचा तळ उणे १. म्हणजे घट दहा लाखात शंभर भाग असो की शेकड्यात दहा भाग, मॉडेलला दोन्ही सारख्याच खोल दिसतात, ते फक्त आकार बघतं. याचा फायदा स्पष्ट आहे, शिकणं सोपं होतं. तोटाही तितकाच स्पष्ट, शेकड्यात दहा भाग उजेड झाकणारी वस्तू सूर्यासारख्या ताऱ्यासमोर ग्रह असणं कठीण, हे पहिल्या वर्षाचं पोरगं सांगेल आणि मॉडेल नाही सांगू शकत, कारण त्याला आपणच ते दाखवलं नाही. तारा केवढा आहे हेही त्याला माहीत नाही. घट होताना ताऱ्याच्या चित्राचा मध्य किंचित बाजूला सरकतो का, ज्यावरून मागे लपलेली जोडी ओळखता येते, तेही नाही. २०१८ मध्ये दुसऱ्या एका गटाने ताऱ्याची माहिती आणि हे मध्याचं सरकणं मॉडेलला जोडून दाखवलं आणि कामगिरी सुधारली. म्हणजे नेटवर्क आणखी खोल करून जे मिळालं नसतं ते जुन्याच खगोलशास्त्रातल्या दोन ओळी जोडून मिळालं. याच्यावर एक वेगळा लेख होईल, सोडतो.

बाकी तांत्रिक भाग थोडक्यात. साधं रेषीय मॉडेल, सगळं सगळ्याला जोडलेलं नेटवर्क आणि कॉन्व्होल्यूशनवालं (शेजारशेजारचे बिंदू एकत्र बघणारं) असे तीन प्रकार करून बघितले, तिसरं जिंकलं. शिकवताना आलेख आरशात धरल्यासारखे उलटेही दाखवले, कारण अधिक्रमण पुढून बघा की मागून, जवळपास सारखंच दिसतं, फुकटात डेटा दुप्पट. आणि एकाच्या जागी दहा नेटवर्कं शिकवून त्यांची सरासरी घेतली, कारण प्रत्येक नेटवर्क सुरुवातीच्या रँडम आकड्यांप्रमाणे थोडं वेगळं शिकतं. आलेखाचा एकेक तुकडा झाकून गुण किती बदलतात तेही बघितलं, आणि दिसलं की जुळ्या ताऱ्यांच्या बाबतीत मॉडेल खरंच त्या दुसऱ्या छोट्या घटेकडे बघतंय. कोणी सांगितलं नव्हतं त्याला तसं. हे मला अजूनही भारी वाटतं, खोटं कशाला बोला.

मॉडेल तयार, आता चालवायचं कशावर? डोक्यात पहिलं येणार, सगळ्या दीड-दोन लाख ताऱ्यांवर सोडून द्या. त्यांनी तसं केलं नाही. फक्त ६७० तारे घेतले, ज्यांच्याभोवती आधीच एकाहून जास्त ग्रह माहीत होते. अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात हुशार निर्णय हाच, आणि यात मशीन लर्निंग शून्य आहे. कारण असं की ज्या घरात दोन ग्रह सापडलेत तिथलं कक्षांचं प्रतल आपल्याकडे कडेने वळलेलं आहे हे नक्की, तिसरा असेल तर तोही समोरून जायची शक्यता चांगली. आणि अशा ताऱ्याभोवतीचा नवा संशयित खोटा निघण्याची शक्यता एरवीपेक्षा बरीच कमी असते. म्हणजे मासे जिथे आहेत त्याच तळ्यात गळ टाकला.

माहीत असलेल्या ग्रहांच्या घटा आलेखातून कापून टाकल्या आणि उरलेल्यात नव्याने शोध घेतला, आणि यावेळी रेषा ७.१ वरून ५ वर आणली. चाळणीची भोकं मोठी केली तर खडे बदाबदा येणार, पण ते निवडायला आता मशीन आहे ना, हा विचार. आलेल्या यादीला मॉडेलने गुण दिले, वरचे वरचे बाजूला काढले.

आणि मग परत माणूस. मला वाटतं बातम्यांतून गळालेला भाग हाच. वरच्या गुणांच्या संशयितांचे आलेख डोळ्यांनी बघितले. एक सोडून एक घटा वेगळ्या खोलीच्या आहेत का बघितलं, असतील तर जुळे तारे. मध्य सरकतोय का, शेजारच्या कुठल्या ताऱ्याचा कालावधी हुबेहूब जुळतोय का. शेवटी संभाव्यतेचा हिशोब, व्हेस्पा नावाचा प्रोग्राम वापरून, की हा आकार ग्रहाने झाला असण्याची शक्यता आणि बाकी सगळ्या कारणांनी झाला असण्याची शक्यता यांचं प्रमाण काय. एवढ्या सगळ्यातून ठामपणे बाहेर पडले दोन ग्रह. गंमत म्हणजे रेषा ५ पर्यंत खाली आणली खरी, पण हे जे दोन टिकले त्यांचा सिग्नल त्यांच्या शोधात आठ-नऊच्या घरात आला, म्हणजे जुन्या ७.१ च्याही वरच. शोधायची पद्धत जरा बदलली की तोच सिग्नल थोडा वरखाली होतो, आणि कडेवरचा कधी या बाजूला पडतो कधी त्या.

पहिला, केप्लर-९० आय. तारा कालेय तारकासमूहात, अडीच हजारांहून जास्त प्रकाशवर्षं लांब, सूर्यापेक्षा थोडा मोठा. याचे सात ग्रह २०१३ च्या सुमारास माहीत झाले होते, आणि त्यात घरबसल्या आलेख बघणाऱ्या हौशी लोकांचाही हात होता, मशीन नाही, प्लॅनेट हंटर्सवाले स्वयंसेवक. ग्रह आठही तसे दाटीवाटीने, सगळ्यात बाहेरचा ३३१ दिवसांत फेरी मारतो, म्हणजे आपल्या पृथ्वीच्या कक्षेत अख्खं कुटुंब मावतं, चाळीतल्या खोलीत दोन भावांचे संसार तसं. आतले दोन ७ आणि ८.७ दिवसांचे, त्यानंतरचा एकदम ५९.७ दिवसांचा. नवा सापडला तो या रिकाम्या जागेत, १४.४५ दिवस, पृथ्वीच्या १.३२ पट त्रिज्या, पृष्ठभाग अंदाजे सव्वाचारशे सेल्सिअस. तिथे राहायला जायचं कोणाच्या डोक्यात असेल तर काढून टाका.

याची घट किती ते करून बघा, वहीवर होतं. ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या १.२ पट धरा, ग्रह पृथ्वीच्या १.३२ पट, आणि पृथ्वी सूर्याच्या साधारण १०९ वा भाग. भागाकाराचा वर्ग केला की दहा लाखात शंभर येतात. तारा तसा मंद, त्यामुळे एका घटेत सिग्नल आणि नॉइज जवळपास बरोबरीने, एकेक घट बघून ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. पण चार वर्षांत अशा शंभरच्या आसपास घटा होतात, शंभराचं वर्गमूळ दहा, म्हणून आठ-नऊपर्यंत मजल जाते. वर्गात हे गणित सुटलं की मुलं जी शांत होतात ते बघायला मजा येते.

दुसरा, केप्लर-८० जी. याला हेडलाइन मिळाली नाही, आठ वगैरे काही नाही ना, सहाव्या ग्रहाचं कोणाला काय. पण मला विचाराल तर या प्रकरणाचा खरा हिरो हाच आहे. केप्लर-८० भोवतीचे ग्रह एका तालात फिरतात, शेजारच्या दोघांच्या कालावधींचं प्रमाण जवळपास तीनास दोन, चारास तीन असं. आणि नुसत्या जोड्या नाहीत, तिघातिघांचे संबंध जुळलेले आहेत, गुरूच्या आयो, युरोपा, गॅनिमीड या तीन चंद्रांमध्ये आहे तसं लाप्लासचं नातं. आता असं नातं असेल तर साखळीतला पुढचा ग्रह, असलाच तर, किती दिवसांचा असेल हे आधीच सांगता येतं, प्रकाशवक्राकडे न बघता.

कॅल्क्युलेटर घ्या. साखळीतले शेवटचे दोन माहीत असलेले ग्रह ७.०५ आणि ९.५२ दिवसांचे. तिसऱ्याचा वेग, म्हणजे एक भागिले कालावधी, हा दोन भागिले ९.५२ वजा एक भागिले ७.०५ इतका हवा. ०.२१०१ वजा ०.१४१८, उत्तर ०.०६८ च्या वर थोडंसं, उलटं करा, साधारण साडेचौदा-पावणेपंधरा दिवस. हा ढोबळ हिशोब झाला, त्या दोघांच्या रिसर्च पेपरात नीट आकडे घालून केलाय. मॉडेलने वर काढलेल्या संशयिताचा कालावधी? १४.६५.

हे का महत्त्वाचं, तर मॉडेलला लाप्लास माहीत नाही. शेजारचे ग्रह माहीत नाहीत, कारण त्यांच्या घटा कापून टाकल्या होत्या. कालावधीसुद्धा दिलेला नाही, घड्या घातलेला आलेखच फक्त दिला होता. त्याने निव्वळ घटेचा आकार बघून गुण दिले, आणि गुरुत्वाकर्षणाने पूर्णपणे वेगळ्या वाटेने येऊन त्याच आकड्यावर बोट ठेवलं. दोन साक्षीदार एकमेकांना कधी भेटलेले नाहीत आणि जबानी एकच. केप्लर-९० आय वर माझा विश्वास ०.९ च्या पुढच्या गुणांमुळे बसत नाही, त्याच मॉडेलने त्याच यादीत वर काढलेला ८० जी असा बाहेरून पडताळला गेला म्हणून जास्त बसतो. नवीन पोरं थेसिसमध्ये अचूकतेचे चार तक्ते टाकतात, मी विचारतो तुझा ८० जी कुठाय? आता ही आमच्याकडे म्हणच झालीये.

मॉडेल कुठे कमी पडतं तेही त्यांनी लपवलं नाही, ही गोष्ट मला आवडली. दुसरी घट फारच बारीक असली तर जुळ्या ताऱ्यांना ते ग्रह समजतं. आणि आकाशगंगेत पृथ्वीएवढे ग्रह किती, असल्या मोजणीसाठी हे वापरायच्या आधी बऱ्याच सुधारणा लागतील हे पेपरातच लिहिलंय. हा फरक लोक विसरतात. एखादा नवीन ग्रह शोधायचा असेल तर यादीतला वरचा एक खरा निघाला तरी काम झालं, खाली किती खरे सुटले याने बिघडत नाही. मोजणी करायची असेल तर सुटलेलेही मोजावे लागतात आणि चुकून आलेलेही, दोन्हीचं प्रमाण माहीत हवं, कालावधी आणि आकाराप्रमाणे. एकच मॉडेल एका कामाला सोनं आणि दुसऱ्याला माती असू शकतं.

पुढे काय झालं ते थोडं सांगतो. मार्च २०१८ मध्ये त्यांनी कोड सगळ्यांसाठी खुला केला, अ‍ॅस्ट्रोनेट नावाने. मग टेक्सासमधलीच एक विद्यार्थिनी, अ‍ॅन डॅटिलो, अजून पदवीही पूर्ण व्हायची होती, तिने व्हँडरबर्ग वगैरेंबरोबर तो केप्लरच्या दुसऱ्या डावासाठी, के२ साठी बदलला आणि २०१९ मध्ये आणखी दोन ग्रह पक्के केले. बदलावा लागला कारण व्हील गेल्यावर यान सारखं किंचित कलंडायचं आणि दर काही तासांनी थ्रस्टर मारून सरळ करावं लागायचं, त्याचे दात प्रकाशवक्रात उठलेले, जुन्या डेटावर शिकलेलं मॉडेल जसंच्या तसं तिथे चालणार नाही. २०२१ मध्ये नासाच्या गटाने एक्सोमायनर नावाचं नेटवर्क आणलं आणि ३०१ उमेदवार एकदम पक्के केले, त्यात मात्र ताऱ्याची माहिती, मध्याचं सरकणं, एकआड एक घटांची तुलना असं तज्ज्ञ माणूस जे जे बघतो ते सगळं वेगवेगळ्या फांद्यांनी आत घातलंय. म्हणजे मॉडेलला काय काय दाखवलं नाही म्हणून वर मी जी कुरकुर केली ती.

आपल्याकडच्या मुलांना मी इथे अजून एक सांगतो, हे काही फक्त अमेरिकेतल्या लोकांचं काम नाही. पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेतून पीएचडी करून गेलेले आशीष महाबळ कॅलटेकमध्ये आहेत, पालोमार वेधशाळेच्या झ्विकी सर्व्हेत, जिथे आकाशात काहीतरी बदललं असे एकेका रात्री लाखांनी अलर्ट निघतात, त्यातला खरा कुठला आणि कॅमेऱ्याचा भास कुठला हे मशीन लर्निंगने वेगळं करायच्या कामात ते पहिल्यापासून आहेत. प्रश्न जातीने तोच, परात वेगळी. आणि केप्लरचा सगळा डेटा फुकट आहे, लॅपटॉपवर उतरवता येतो, हॉस्टेलच्या वायफायला जरा वेळ लागतो इतकंच.

परवा एकीने विचारलं, सर, केप्लर-९० मध्ये १४ आणि ५९ दिवसांच्या मध्ये अजून मोठी रिकामी जागा आहे, तिथे नववा नसेल? म्हटलं काढ हिशोब. समजा पृथ्वीएवढाच ग्रह, तीस दिवसांचा. १.३२ चा वर्ग पावणेदोनच्या आसपास, म्हणून घट दहा लाखात ५८ वर आली. चार वर्षांत घटा शंभरच्या जागी ४८-४९. लांबच्या कक्षेत अधिक्रमण जरा जास्त वेळ चालतं, ते धरून थोडी भर. तिने फळ्यावर सगळं मांडलं आणि सिग्नल-टू-नॉइज आला चारच्या जरा खाली. मोठ्या भोकांच्या चाळणीतूनही, ५ च्या, तो ग्रह पडलाच नसता, मग मॉडेलपर्यंत येणं लांबच. ती फळ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली म्हणजे असेलही. म्हटलं असेलही.